चित्रांत नवी दिशा हवी? आधी विषय एकच ठेवा

ट्रेंड बघून दर आठवड्याला शैली बदलू नका. आज टेक्स्चर पेस्ट, उद्या ओतीव रंग, परवा भौमितिक अमूर्त, यात सामान संपतं आणि हात तिथेच राहतो.

एकच विषय घ्या. सूर्यास्त आणि होडी सोडून! जांभ्याची चिरेखाण घ्या, म्हणजे लाल जांभा दगडाचे चिरे कापतात ती खाण. तिच्या कापीव पायऱ्यांत अमूर्त रचना आयतीच आहे. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंगात वीस चित्रं करा:

- पहिली पाच फक्त तीन छटांत: उजेड, मध्यम, गडद. डोळे किलकिले करून बघा, तपशील आपोआप गळतात.
- पुढची दहा तीनच रंगांत: बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा), यलो ऑकर (मातकट पिवळा). सिएनात चिमूटभर अल्ट्रामरीन घातलं की ओल्या जांभ्याचा रंग मिळतो.
- शेवटची पाच खाणीकडे न बघता. दिशा सापडली तर इथेच सापडेल, म्हणून ही टाळू नका.

कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो. पावसाळ्यात थर वाळायला फार वेळ लागतो. घाईने दुसरा थर दिला की खालचा उचलला जाऊन रंगांचा चिखल होतो. उरलेले कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी धरते आणि रंग डागाडागांत शोषला जातो.

पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगायची लोककला), सावंतवाडीचा गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) जरूर बघा, पण आकृत्या उचलू नका. गंजिफाच्या गोलात जागा कशी भरलीय, तेवढंच टिपा.

कॅनव्हास, वार्निश, प्रदर्शन यांचं वीस चित्रं झाल्यावर बोलू.