लोगोवर अडकलेला फोन: रिसेटची घाई नको

फोन लोगोच्या पुढे जात नाही म्हणून लगेच फॅक्टरी रिसेट करू नका. त्याने फोनमधले फोटो, मेसेज सगळं पुसलं जातं आणि बॅकअप नसेल तर ते परत मिळत नाही.

आधी चांगल्या चार्जरवर अर्धा तास ठेवा. मग पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन एकत्र १५-२० सेकंद दाबून धरा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये याने सक्तीचा रीस्टार्ट होतो. कव्हर काढून बटणंही तपासा. पॉवरचं बटण आत रुतलं असेल तरी फोन असाच पुन्हा पुन्हा चालू होत राहतो, आणि नेमकं हेच बघायचं लोक विसरतात.

तरीही जमलं नाही तर रिकव्हरी मोड, म्हणजे फोन दुरुस्त करण्यासाठीचा वेगळा मेन्यू. तिथे व्हॉल्यूमच्या बटणांनी खाली-वर जायचं, पॉवरने निवडायचं. ‘वाइप कॅश पार्टिशन’ असेल तर तेच निवडा, त्याने तुमचा डेटा जात नाही. (काही फोनमध्ये हा पर्यायच नसतो.) ‘वाइप डेटा’ म्हणजेच फॅक्टरी रिसेट अगदी शेवटी, तेही गुगल खात्याचा पासवर्ड पाठ असेल तरच, कारण नंतर फोन तेच जुनं खातं मागतो.

यातून फोन एकदा जरी होम स्क्रीनपर्यंत आला, तर सगळ्यात आधी फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.