गोचिडीतली जनुकांची रांग

प्रश्न : गाईवरची आणि कुत्र्यावरची गोचीड एकाच कुळातली, हे डीएनएवरून कसं ठरवता?

उत्तर : मी गोचिडीचा एक पाय कापून घेतो, तेवढ्यातही मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचा, डीएनए पुरेसा मिळतो. जेमतेम १५ हजार अक्षरांचं हे कडं, त्यात ३७ जनुकं. माझा जीव अडकतो तो त्यांच्या क्रमात. युरोपातल्या इक्सोडिस हेक्सागोनस गोचिडीत हा क्रम समुद्रातल्या हॉर्सशू क्रॅब या तिच्या दूरच्या नातलगासारखाच, म्हणजे फार प्राचीन. तुमच्या गाईवरच्या, कुत्र्यावरच्या आणि माकडताप पसरवणाऱ्या गोचिडीत मात्र जनुकांचा एक गठ्ठा जागेवरून हललेला दिसतो. शिवाय नियंत्रक भागाच्या, म्हणजे या डीएनएची नक्कल सुरू करणाऱ्या तुकड्याच्या, दोन प्रती, जवळपास हुबेहूब! इतका नेमका बदल तिघींत सारखाच, म्हणजे तो त्यांच्या समाईक पूर्वजातच झाला असणार. नेमकी जात ओळखायला मात्र या ३७ पैकी कॉक्स-१ नावाच्या जनुकाची अक्षरं वाचावी लागतात.