मांडीत गोळा आला त्या शनिवारबद्दल

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. 'सर, धावणं आणि नर्सिंग दोन्ही जमत नाही. आता फक्त नर्सिंग.' लगेच उत्तर दिलं नाही, दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतं ते.

शनिवारी मी वळणाच्या आतल्या बाजूला उभा होतो. रिलेच्या तिसऱ्या टप्प्यात तुझी उजवी मांडी धरली, तू लंगडत आत आलीस आणि गवतावर बसलीस. मैत्रिणी धावत आल्या, पण तुझ्या मुठीतून बॅटन सुटेना. ती मूठ अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तुला आर्थर विंटबद्दल सांगायचं राहून गेलं. हा जमैकाचा. जमैका म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान बेट, तेव्हा ब्रिटिशांची वसाहत. महायुद्धात तो ब्रिटनच्या हवाई दलात वैमानिक होता. मग लंडनला सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकी शिकायला लागला आणि शिकता शिकता १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावला. जमैकाचं ते पहिलंच ऑलिंपिक. ८०० मीटरमध्ये १ मिनिट ४९.५ सेकंद, रौप्य. अमेरिकेचा माल व्हिटफिल्ड ०.३ सेकंदांनी पुढे. तीन दिवसांनी ४०० मीटरमध्ये त्याने आपल्याच देशाच्या हर्ब मॅकेन्लीला शेवटच्या टप्प्यात गाठलं आणि जमैकाला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं.

आणि मग ४ बाय ४०० रिले, चौघांनी एकामागून एक ४०० मीटर धावायची. तिसरा टप्पा विंटचा. मांडीत गोळा आला आणि तो ट्रॅकवरून बाहेर पडला. जमैकाची शर्यत तिथेच संपली.

तू स्वतःला दोष देतेस, म्हणून हे नीट वाच. त्याआधीच्या आठवडाभरात तो ८०० च्या तीन आणि ४०० च्या चार शर्यती धावला होता. थकलेला स्नायू आखडतो, त्यात मनाचा कमकुवतपणा नसतो. तू शुक्रवारी रात्रपाळी केलीस, दुपारी ८०० धावलीस आणि दीड तासात रिलेला उभी राहिलीस. रात्रपाळीचं मला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, ही चूक माझी.

चार वर्षांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रिलेला तेच चौघे पुन्हा उभे राहिले: विंट, लेस्ली लेंग, मॅकेन्ली, जॉर्ज रोडेन. या वेळी पहिला टप्पा विंटने घेतला, ४६.८ सेकंदांत. पुढे मॅकेन्लीने ४४.६ मध्ये अमेरिकेची आघाडी पुसून टाकली. ३ मिनिटं ३.९ सेकंद, विश्वविक्रम. अमेरिका ०.१ सेकंदाने मागे. तिथल्या ८०० मध्ये व्हिटफिल्डने विंटला परत हरवलं, या खेपेला ०.२ सेकंदांनी. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

ही चारही वर्षं त्याचं डॉक्टरकीचं शिक्षण चालूच होतं. पुढे तो जमैकात डॉक्टर म्हणून राहिला आणि १९७४ ते १९७८ देशाचा ब्रिटनमधला उच्चायुक्तही झाला.

काळ बदललाय, हे मलाही कळतं. पुरुषांच्या ८०० चा विश्वविक्रम आता १ मिनिट ४०.९१ सेकंदांवर आहे आणि वरच्या पातळीवर पूर्ण वेळ धावणारेच दिसतात. पण तू आज त्या पातळीवर नाहीस. तुझ्या वयात ८०० साठी दिवसाकाठी दीड-दोन तास नेटाने केले तरी पुष्कळ. बाकी शरीराला हवी असते झोप, आणि तुझी झोपच कमी पडतेय. सोडायची असेल तर ती आठवड्यातली सहावी प्रॅक्टिस सोड. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर यायचंच नाही. तुझ्या आईशी मी बोलतो. मुलीचं नर्सिंग अर्धवट राहील ही त्यांची भीती रास्त आहे.

दहा दिवस धावू नकोस. आधी फिजिओला मांडी दाखव. मग रविवारी सकाळी ये, ड्युटीचा तक्ता घेऊन ये, आपण महिन्याचं वेळापत्रक त्यावरच बसवू. बाकी तिघींशी माझं बोलणं झालंय. पुढच्या मोसमात पहिला टप्पा तुझा.

तुझे सर