सॉल्ट वॉटर पूलमध्ये क्लोरीन चढत नाही: टक्के वाढवू की पंपाचे तास?

तुमचे आकडे असे: अलिबागचा उघडा पूल, पाणी ५०,००० लिटर, क्लोरिनेटर (मिठाच्या पाण्यातून क्लोरीन बनवणारं यंत्र) ताशी २० ग्रॅमचा, सेटिंग ५० टक्के, पंप रोज ६ तास, आणि फ्री क्लोरीन (जंतू मारायला पाण्यात शिल्लक असलेलं क्लोरीन) १ पीपीएमच्या, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या, वर जात नाही. सेल (क्लोरिनेटरमधला क्लोरीन तयार करणारा पत्र्यांचा भाग) गेला असं ठरवण्याआधी गुणाकार करा. २० चे निम्मे १०, गुणिले ६ तास, म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम. तुमच्या पाण्यात १ पीपीएमसाठी ५० ग्रॅम लागतात, म्हणजे रोजची भर जेमतेम १.२ पीपीएम. उन्हाळ्यात असा पूल दिवसाला २ ते ४ पीपीएम सहज खातो. यंत्र बहुधा ठीक आहे, हिशेब तोकडा पडतोय.

बहुतेक क्लोरिनेटरमध्ये ५० टक्के म्हणजे सेल अर्ध्या जोराने चालत नाही. पंप सुरू असताना निम्मा वेळ पूर्ण जोराने चालतो. त्यामुळे ६ तास १०० टक्के काय नि १२ तास ५० टक्के काय, क्लोरीन तेवढंच आणि सेलची झीजही तेवढीच. फरक पडतो वीजबिलात: एक अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण एक युनिट ओढतो. म्हणून आधी टक्के वाढवा, तास नंतर.

पण त्याआधी स्टॅबिलायझर, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं सायन्यूरिक ॲसिड, मोजा. खरी गळती बहुतेक वेळा इथेच असते. ते नसेल तर भर उन्हात दोन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं, मग सेटिंग काहीही ठेवा. ७० पीपीएम धरा. शून्यापासून सुरुवात असेल तर ३.५ किलो लागेल. मोज्यात भरून स्किमरमध्ये (पूलच्या पृष्ठभागावरचं पाणी ओढून घेणाऱ्या तोंडात) ठेवा. सावकाश विरघळतं, आठवड्याने पुन्हा मोजा. एवढ्या स्टॅबिलायझरला फ्री क्लोरीन ४ ते ५ हवं.

मग पंप ६ तासच, सेटिंग ९० टक्के: १०८ ग्रॅम, रोज जवळपास २.२ पीपीएम. साठलेली तूट मात्र सेलकडून भरून घेऊ नका. १० टक्क्यांचं लिक्विड क्लोरीन २ लिटर संध्याकाळी, पंप चालू ठेवून ओता. साधारण ४ पीपीएम चढेल. पुढे रोज त्याच वेळी मोजा, दर तीन दिवसांनी १० टक्के वरखाली करा आणि तासांना हात लावू नका. दोन्ही एकदम बदललं तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. मे महिन्यात १०० टक्क्यांवरही पुरलं नाही, तरच तास वाढवा.

तरीही क्लोरीन घसरत असेल तर रात्रीची चाचणी करा: अंधार पडल्यावर सेल बंद करून मोजा, पहाटे ऊन यायच्या आत पुन्हा मोजा. १ पीपीएमपेक्षा जास्त घट म्हणजे शेवाळ. ते सेलच्या आवाक्याबाहेरचं आहे, लिक्विड क्लोरीनचाच मारा करावा लागतो.

मीठ बहुतेक सेलना ३,२०० पीपीएमच्या आसपास लागतं; कोऱ्या पाण्यात १६० किलो. मिठागराचं खडामीठ स्वस्त म्हणून टाकू नका. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पत्र्यांवर पांढरा थर धरतं, बोअरचं पाणी जड असेल तर आणखी लवकर. पीएच सेलमुळे सतत वर चढतो, ७.८ झाला की म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिडने ७.५ वर आणा. थर दिसला तरच सेल धुवा: चार भाग पाण्यात एक भाग ॲसिड (पाण्यात ॲसिड, उलट नव्हे), दहा मिनिटं. उगाच वारंवार धुतलं तर पत्र्यांवरचा लेपच जातो.

पावसाळ्यात पूल ओसंडून वाहतो, तेव्हा मीठ आणि स्टॅबिलायझर दोन्ही वाहून जातात. त्या दिवसांत सेटिंग ३०–४० टक्के पुरतं. मिठाची भर पाऊस ओसरल्यावरच घाला. वीज जाऊन आली की बॅटरी नसलेला टायमर मागे पडतो, घड्याळ तपासत जा. आणि सेलची वीज पंपाच्याच टायमरवरून घेतली आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. पाणी थांबलेलं असताना सेल चालू राहिला तर आत हायड्रोजन साठतो, त्याने सेल फुटू शकतो.