बारा नकोत, तीन पुरेत

गेल्या महिन्यात फिनलंडमधल्या लेकीकडच्या मुक्कामाबद्दल लिहिताना मी डिस्क गोल्फचा दोन ओळींत उल्लेख केला होता. गोल्फसारखाच खेळ, फक्त काठी-चेंडूऐवजी हातात प्लास्टिकची चकती आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली टोपली. कमीत कमी फेकींत चकती टोपलीत गेली पाहिजे, एवढंच. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांनी विचारलंय ते एकच: सुरुवातीला घ्यायचं काय? त्यातलं एक पत्र सविस्तर घेते, दोन थोडक्यात.

प्रश्न : आम्ही काही मित्र शनिवारी संध्याकाळी मिरामारच्या वाळूत अल्टिमेट फ्रिस्बी (चकतीचा सांघिक खेळ) खेळतो. आता गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, डिस्क गोल्फ सुरू करावं असं मनात आहे. माझा चुलतभाऊ नाताळात अमेरिकेहून येतोय. बारा डिस्कचा संच पिशवीसकट घेऊन येतो म्हणतो. त्याला काय आणायला सांगू? सगळ्यात लांब जाणारी डिस्क कोणती? आणि आमच्याकडची फ्रिस्बी चालणार नाही का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : चुलतभावाला सांगा, बारा नकोत, तीन पुरेत. त्यातल्याही दोन अगदी एकसारख्या. बॅगेत जागा उरेल तिथे त्याच्या आईला हवं असेल ते आणू दे.

‘सगळ्यात लांब जाणारी’ हे वाचलं आणि मला माझीच फजिती आठवली. ताम्पेरेला लेकीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक दुकान आहे, भिंतभर डिस्क टांगलेलं. तिथल्या मुलाने विचारलं, तुम्ही साधारण किती लांब फेकता? आता मी बत्तीस वर्षं शाळेत थाळीफेक शिकवलेली बाई. मुलींची थाळी एक किलोची असते. तिच्यापुढे १७० ग्रॅमचं प्लास्टिक म्हणजे काय, असा माझा तोरा. ‘वेग १२’ छापलेली, आरशासारखी चकाकणारी एक डिस्क मी स्वतःच उचलली. तो बिचारा दुसरी पुढे करत होता, ती मला पोरांची वाटली. दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेकीला माझी डिस्क वीसेक पावलं कशीबशी सरळ गेली आणि मग कुणी दोरीने ओढावी तशी डावीकडे वळून तळ्यात. बुडबुडासुद्धा आला नाही. लेकीने न बोलता आपली जाड, बोथट कडेची डिस्क माझ्या हातात दिली. ती पंचेचाळीस पावलं गेली. परत फेकली, परत जवळजवळ तिथेच.

यातलं सगळं इंगित कडेत आहे. कधी दोन डिस्क हाती आल्या तर तळ बघू नका, रंग बघू नका, कड चिमटीत धरून बघा. पटर म्हणतात त्या, मुख्यतः टोपलीजवळच्या फेकीसाठीच्या डिस्कची कड गोलसर, बोथट, सेंटीमीटरभर रुंद. ड्रायव्हरची, म्हणजे लांब फेकीच्या डिस्कची, कड दोन सेंटीमीटरहूनही रुंद आणि बाहेर निमुळती होत गेलेली, विळ्याच्या पात्यासारखी. मिडरेंज या दोघींच्या मधली. निमुळती कड हवा कापत जाते खरी, पण ती ज्या वेगासाठी घडवलेली असते तो वेग हाताने दिला तरच. नाही दिला तर सरळ उडायचा टप्पा येतच नाही. फेकीच्या शेवटी डावीकडे कलंडायचं असतं, ते ती सुरुवातीलाच कलंडून मोकळी होते. चौथ्या गिअरमध्ये टाकून चढणीवर स्कूटर उठवायला गेलं की ती गचके खाऊन बंद पडते ना, तसं.

डिस्कवर चार आकडे छापलेले दिसतील. उदाहरणार्थ, इनोव्हा कंपनीची ‘लेपर्ड’ : ६, ५, -२, १. पहिला आकडा वेगाचा, म्हणजे तिला किती वेग लागतो याचा. ती किती वेगाने जाईल याचा नव्हे, ही चूक सगळे करतात, मीही केली. दुसरा तरंगण्याचा, जितका मोठा तितकी ती हवेत जास्त वेळ राहते. तिसरा आणि चौथा वळण्याचे. उजव्या हाताने, मनगट पोटाकडून बाहेर झटकत फेकली तर वेगात असताना डिस्क उजवीकडे किती झुकेल हे तिसरा आकडा सांगतो. जितका उणे, तितकी जास्त. वेग उतरल्यावर डावीकडे किती वळेल ते चौथा सांगतो. डावखुरे असाल तर सगळं उलट. नवशिक्याने पहिला आणि चौथा आकडा लहान असलेली डिस्क घ्यावी आणि तिसऱ्याची फार चिंता करू नये.

तेव्हा यादी अशी द्या. दोन पटर, एकाच नावाच्या, एकाच वजनाच्या. इनोव्हाची ‘एव्हिअर’ (२, ३, ०, १) कुठेही मिळते. आणि एक मिडरेंज : डिस्क्राफ्टची ‘बझ’ (५, ४, -१, १). हीच नावं पाहिजेत असं नाही, आकडे आसपासचे असले की झालं. चुलतभाऊ फारच मागे लागला तर चौथी ती लेपर्ड. त्यापुढे त्याला ‘अरे, पुढच्या वर्षी येशील तेव्हा’ असं म्हणा.

दोन सारख्या पटर कशाला? एक डिस्क फेकली आणि डावीकडे गेली, तर दोष हाताचा की वाऱ्याचा हे कळत नाही. लगेच तशीच दुसरी फेकली आणि तीही तिथेच गेली, तर दोष हाताचा. आणि पटर फक्त टोपलीजवळ वापरायची असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पहिले दोन महिने तीच पूर्ण हाताने, लांबवर फेका. हळू डिस्क चुगलखोर असते. भोवऱ्याला जाळी सैल गुंडाळली की तो जमिनीवर पडतानाच डगमगतो. मनगट सैल पडलं की पटर तशीच हवेत लटपटते आणि चूक तिथल्या तिथे दाखवते. ड्रायव्हर मात्र सगळंच डावीकडे फेकून देते, त्यातून काय शिकणार?

तुमची फ्रिस्बी बाद नाही. अल्टिमेटची चकती १७५ ग्रॅमची आणि २७ सेंटीमीटरहून थोडी जास्त रुंद असते. गोल्फची पटर जवळजवळ तेवढ्याच वजनाची, पण २१ सेंटीमीटरांत आवळलेली. म्हणून ती वाऱ्यात भरकटत नाही आणि साखळ्यांत नीट अडकते. पहिले काही शनिवार तुमच्याच चकतीने लांबून झाडाच्या बुंध्याला नेम लावा. अल्टिमेट खेळणाऱ्यांचं मनगट आधीच तयार असतं, माझ्यासारखं थाळीफेकीने बिघडलेलं नसतं.

वजनाचं : नियमाने एका सेंटीमीटर व्यासाला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम चालतात, म्हणजे २१ सेंटीमीटरांच्या डिस्कला १७४ च्या आसपास. तुम्ही १६५ ते १७० मधली मागवा. वजन बहुधा मागच्या बाजूला मार्करने लिहिलेलं असतं.

आता प्लास्टिक. सड्यावरचा जांभा म्हणजे किसणीच. स्वस्त प्लास्टिकची डिस्क तिथे चार दिवस आपटली की कडेला खांडं पडतात, बोटाला लागतात आणि डिस्क पूर्वीपेक्षा जास्त उजवीकडे झुकायला लागते. म्हणून मिडरेंज महागातल्या, चिवट प्लास्टिकची घ्या. पटर मात्र स्वस्तातलीच बरी. ते खरखरीत प्लास्टिक घामट हाताला धरून राहतं, आणि आपल्याकडे हात घामट नसतो असा महिना कुठला? खांडं बारीक पॉलिशपेपरने घासून काढावीत. गाडीच्या डॅशबोर्डवर, बंद काचेआड डिस्क ठेवू नका. एप्रिलच्या उन्हात माझी एक पटर जेवणाच्या ताटलीसारखी आत बसली, ती अजून त्याच आकारात आहे.

रंग हा शोभेचा प्रश्न नाही. आमच्या डिचोलीकडच्या भाटात मी मार्चमध्ये पिवळी डिस्क फेकली. काजूखाली गेली. खाली पिवळी बोंडं पडलेली, शेकड्याने. अर्धा तास प्रत्येक पिवळ्या ठिपक्यासमोर वाकत होते. नारिंगीही तशीच, वर जांभ्याच्या मातीत मिसळते. हिरवी पावसाळ्यानंतर गवतात विरघळते, निळी सावलीत. राणी कलर मागवा. तरुण मुलांना तो रंग आवडत नाही हे मला माहीत आहे. मागे मोबाइल नंबर लिहून ठेवा, फिनलंडमध्ये सगळे लिहितात आणि हरवलेली डिस्क खरंच परत येते. माझी तळ्यातली नाही आली, कारण नंबर लिहायला सुचलंच नव्हतं.

वाऱ्याचं एक. समोरून वारा आला की डिस्क आपण दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगात असल्यासारखी वागते, उजवीकडे उलटते. पाठीमागून आला की लवकर खाली बसते. पेडण्याच्या सड्यावर दुपारी खारं वारं सुटतं, त्या वेळी नवशिक्याला काहीच कळणार नाही, सगळा दोष स्वतःच्या हाताला लावत बसाल. सकाळी दहाच्या आत खेळा.

आणि सड्यावर डिस्क झुडपात किंवा दगडांच्या फटीत गेली तर हात घालू नका. जांभ्याच्या सड्यावर फुरसं असतं, मातीच्याच रंगाचं, वीतभर लांबूनसुद्धा दिसत नाही. काठी सोबत हवीच. पाणी साठलेल्या जुन्या चिरेखाणीत पडली तर तिचा दुखवटा पाळून घरी या. बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात, आणि खाणीचा तळ कुणी पाहिलेला नसतो.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिच्या मामाने तिला डिस्क गोल्फच्या तीन डिस्क पाठवल्या आहेत. तिला त्या जड होतात आणि कड बघून मला भीतीही वाटते. द्याव्यात का?
— एक आई, फोंडा

उत्तर : ताई, तिन्हींची कड चिमटीत धरून बघा, वर सांगितलंय तसं. जिची कड सगळ्यात बोथट ती तिला द्या, बाकीच्या दोन कपाटात. दहा वर्षांच्या हाताला १५० ग्रॅमच्या आतली डिस्क बरी. मामाला पुन्हा पाठवायचंच असेल तर १३० ते १५० मधली एकच पटर सांगा. मूल लहान म्हणून ड्रायव्हर देऊन अंतर वाढवायला जाऊ नका, खांदा दुखावतो आणि डिस्क तरीही डावीकडेच जाते.

तुमची भीती मात्र रास्त आहे. ही झेलायची फ्रिस्बी नाही. समोर उभं राहून एकमेकींकडे फेकायची नाही, हा एक नियम तिला पाठ करून घ्या. शाळेत थाळीफेकीला मी पहिल्या दिवशी मुलींना फक्त फेकणारीच्या मागे कसं उभं राहायचं एवढंच शिकवायचे. मुली वैतागायच्या, पण बत्तीस वर्षांत एकीलाही टाका पडला नाही.

प्रश्न : टीचर, मी नववीत आहे. डिस्क एक आहे पण टोपली नाही. घरी बनवता येईल का?
— एक विद्यार्थी, साखळी

उत्तर : येईल, पण आधी गरजच आहे का ते बघ. हा खेळ सुरू झाला तेव्हा लोक झाडं, दिव्याचे खांब, जे समोर असेल त्यालाच नेम धरायचे. कॅलिफोर्नियात एड हेड्रिक नावाच्या गृहस्थांनी १९७५ साली ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमचं मैदान आखलं, तिथेही सुरुवातीला टोपल्या नव्हत्या, खांबच होते. साखळ्यांची टोपली त्यांनीच नंतर शोधून काढली. डिस्क खांबाला लागली की नाही यावरून होणारी भांडणं तिने मिटवली. साखळी वाजली आणि डिस्क आत राहिली, की विषय संपला. त्या माणसाने मरताना आपली राख डिस्कच्या प्लास्टिकमध्ये मिसळायला सांगितली होती आणि घरच्यांनी २००२ मध्ये तसं केलं. इतकी हौस.

तू माडाच्या बुंध्याला जमिनीपासून गुडघ्यावर एक आणि छातीशी एक अशा दोन रंगीत चिंध्या बांध. दोन्हींच्या मध्ये लागली तर आत. खऱ्या टोपलीचा काठ साधारण ८२ सेंटीमीटर उंचीवर असतो, तेव्हा अंदाज बरोबर बसतो. बुंध्यापासून १० मीटरवर चुन्याची रेघ मार. रेघेच्या आतून फेकताना फेकीनंतर तोल सावरल्याशिवाय पाय पुढे टाकायचा नाही, हा खऱ्या खेळातला नियम आहे आणि सगळ्यात जास्त तोच मोडला जातो. रोज पाच मीटरवरून पन्नास फेकी. त्यातल्या चाळीस लागायला लागल्या की एक पाऊल मागे.

काजूला आणि आंब्याला नेम धरू नकोस, डिसेंबर ते मार्च मोहराचे दिवस. मोहर झडला तर आजोबा डिस्क चुलीत घालतील आणि मी तुझी बाजू घेणार नाही. माड चालेल. पाडेली वर चढलेला असेल त्या दिवशी मात्र सुट्टी.