वर्गात चिडवाचिडवी फार होते. नाटकाचा उपयोग कसा करावा?

पाठांतराचं नाटक नको. त्यात मुलं संवाद आठवण्यातच गुंततात. ‘फोरम थिएटर’ करा, ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात घडवलेलं. चौघांनी दोन मिनिटांचा प्रसंग करायचा: खेळात एकाला कुणी घेत नाही. शेवट वाईटच ठेवा. मग तोच प्रसंग पुन्हा. बघणाऱ्याने ‘थांब’ म्हणायचं आणि त्या मुलाच्या किंवा गप्प राहिलेल्या मित्राच्या जागी उभं राहून वेगळं काही करून पाहायचं. चिडवणाऱ्याची जागा कुणाला घेऊ देऊ नका, नाहीतर तो एकदम शहाणा होतो आणि प्रश्नच उरत नाही. ज्याला खरोखर चिडवतात, त्याला खेळात न घेतलेल्या मुलाची भूमिका कधीही देऊ नका! शेवटी दहा मिनिटं राखा: भूमिकेतून बाहेर येण्यासाठी हातपाय झटकून स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, मगच ‘तेव्हा कसं वाटलं?’ विचारा.