रिकामी जागा पाहून खेळाडू निवडू नकोस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

त्या बास्केटबॉल खेळाडूबद्दल तू पाठवलेला अहवाल सावकाश वाचला. मेहनत जागोजागी दिसते. उंची, हातांचा पल्ला, फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची) टक्केवारी, कुठल्या कोपऱ्यातून शॉट जास्त बसतात, सगळं नीट मांडलं आहेस. माझी हरकत शेवटच्या परिच्छेदाला आहे. ‘या संघाकडे चांगला पॉइंट गार्ड नाही, हा पॉइंट गार्ड आहे, म्हणून हा या संघासाठी योग्य’ असं लिहून तू अहवाल संपवलास. (पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेऊन संघाचा खेळ रचणारा.) खरं काम तिथून सुरू होतं. एखादा पोरगा संघात बसेल का, याचं उत्तर रोस्टरमधल्या, म्हणजे संघाच्या खेळाडू-यादीतल्या, रिकाम्या जागेत सापडत नाही, हे मला तुला पटवायचं आहे.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्जचं उदाहरण घे. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे 2013 पासून या संघाचे प्रमुख मालक. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले तेही याच संघाचे, इंडियाना पेसर्सविरुद्ध. त्यामुळे हे दोन्ही संघ आपल्याकडच्या प्रेक्षकांना परके नाहीत, आणि या पत्रातली गोष्ट योगायोगाने त्या दोघांचीच आहे.

2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, किंग्जचा दुसरा क्रमांक होता. आदल्याच वर्षी त्यांनी पाचव्या क्रमांकावर डीॲरन फॉक्स घेतला होता. अतिशय वेगवान गार्ड, चेंडू हातात असला की खुलणारा. रोस्टरच्या कागदावर चित्र सरळ दिसत होतं: गार्ड आहे, आता उंच खेळाडू हवा. किंग्जनी मार्विन बॅगली घेतला आणि फॉक्ससारखाच चेंडू हातात ठेवून खेळणाऱ्या लुका डॉन्चिचला जाऊ दिलं. बॅगली काही ऐरागैरा नव्हता. ड्यूक विद्यापीठाकडून त्याने सामन्याला सरासरी 21 गुण आणि 11 रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू) काढले होते. पण डॉन्चिच तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि रेआल माद्रिदकडून अनुभवी पुरुषांमध्ये खेळून युरोपातल्या क्लबांच्या युरोलीग स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. पुढच्या वर्षी एनबीएतला सर्वोत्तम नवोदितही तोच झाला.

आता 2020. किंग्जचा क्रमांक बारावा, आणि फॉक्स अजून तिथेच. तुझ्या अहवालाचा न्याय लावला तर त्यांनी गार्डकडे वळूनही पाहायला नको होतं. पण आयोवा स्टेट विद्यापीठाचा गार्ड टायरीस हॅलिबर्टन बाराव्यापर्यंत घसरत आला आणि त्यांनी तो उचलला. त्याचा शॉट दिसायला विचित्र, छातीजवळून ढकलल्यासारखा. पण तो बसायचा. त्याहून मोलाची गोष्ट त्याच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षात दडलेली होती. तेव्हा संघाचा मुख्य गार्ड तो नव्हता, चेंडू त्याच्या वाट्याला फार थोडा वेळ यायचा. तरी तो खेळावर परिणाम करायचा. पास आला की लगेच पुढे, मोकळा असला की शॉट, नसला की योग्य जागी धाव. दुसऱ्या वर्षी संघाची सूत्रं हाती आली तेव्हाही या सवयी सुटल्या नाहीत. एनबीएतल्या पहिल्याच मोसमात, फॉक्सच्या शेजारी खेळताना, त्याने जवळपास 41 टक्के थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून टाकलेले तीन गुणांचे शॉट) बसवले.

आणि मग फेब्रुवारी 2022. किंग्जनी हॅलिबर्टन पेसर्सना देऊन डोमान्तास सबोनिस आणला. त्यानंतर दोनच दिवसांत बॅगलीही डेट्रॉइटला गेला. हॅलिबर्टन देऊन टाकला म्हणून पुष्कळांनी किंग्जना वेड्यात काढलं. मला तसं वाटत नाही. सबोनिस बास्केटपासून जरा लांब, फ्री थ्रो रेषेच्या आसपास उभा राहून चेंडू वाटतो, स्क्रीन लावतो (सहकाऱ्याच्या बचावपटूची वाट अंगाने अडवतो), आणि फॉक्सच्या वेगाला तेच हवं होतं. 2022-23 मध्ये किंग्जनी 48 सामने जिंकले आणि सलग सोळा मोसम प्लेऑफबाहेर (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांबाहेर) राहण्याची नामुष्की संपवली. तिकडे पेसर्सचे कोच रिक कार्लाइल यांनी हॅलिबर्टनच्या हाती अख्खा संघ दिला. 2023-24 मध्ये त्याचे असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) लीगमध्ये सर्वाधिक, सामन्याला 10.9. पुढच्या वर्षी पेसर्स अंतिम फेरीत, तीही सातव्या सामन्यापर्यंत. दोन्ही संघांचं भलं झालं असे सौदे विरळाच.

ज्या फॉक्सभोवती ही सगळी गणितं फिरत होती, तो स्वतः फेब्रुवारी 2025 मध्ये सॅन अँटोनिओला गेला. आता सांग, 2018 किंवा 2020 मध्ये ‘फॉक्सशी जुळेल का’ एवढंच विचारून काय हाती लागलं असतं? पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो. त्यातली दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर, आणि तिसऱ्याचा निर्णय तर पहिला मोसम आटोपल्यावर ऑक्टोबरअखेर द्यावा लागतो. तेवढ्या काळात शेजारचे खेळाडू बदलतात, कधी कोचही बदलतो. टिकतात त्या त्या पोराच्या सवयी. म्हणून जुळणं तपासायचं ते सवयींचं.

यावर लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस. ‘सर्वात गुणी तो घ्या, बाकी नंतर पाहू’ हे वाक्यही मला आळशीपणाचं वाटतं. फिलाडेल्फियाने 2013 ते 2015 या तीन ड्राफ्टांतून नर्लेन्स नोएल, जोएल एम्बीड आणि जलील ओकाफोर असे तीन सेंटर (बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू) गोळा केले. ओकाफोरने पहिल्या मोसमात सामन्याला 17.5 गुण काढले, संघाने त्या वर्षी जेमतेम दहा सामने जिंकले, आणि डिसेंबर 2017 मध्ये त्याची ब्रुकलिनला रवानगी झाली. पाठ बास्केटकडे करून चेंडू मागणारा आणि बचावात मागे पडणारा सेंटर ज्या काळात लीगला नकोसा होत होता, त्याच काळात तो आला. माझा हिशोब असा: पहिल्या पाचांत निवड असेल तर गुणवत्तेला झुकतं माप द्यावं, कारण तिथे संघ खेळाडूभोवती बांधता येतो. विसाव्या क्रमांकाच्या पुढे मात्र जुळणं हेच जवळजवळ सगळं. तिथल्या पोराला मैदानावर थोडी मिनिटं मिळणार, आणि तीही संघाला हवं ते एखादं काम त्याला नेमकं जमत असेल तरच.

सवयी पाहायच्या कशा? त्याच्या हातात चेंडू नसतानाचे व्हिडिओ पाहा. तबलजीची पारख गायक तान घेत असताना होते, त्याच्या स्वतःच्या तुकड्याच्या वेळी नव्हे. तुझ्या अहवालातला गार्ड पास देऊन झाला की उभा राहतो, की कापत आत जातो? विरुद्ध बाजूला पिक अँड रोल (एकाने स्क्रीन लावून लगेच बास्केटकडे वळायचं ती जोडीची चाल) चालू असताना त्याचा बचावपटू त्याला सोडून मदतीला जायला धजावतो का? धजावत असेल तर एनबीएत तो मोकळा बचावपटू या गार्डच्याच संघातल्या मुख्य खेळाडूची वाट अडवणार. शॉट चुकल्यावर त्याची पहिली तीन पावलं कुठे पडतात? कॉलेजमध्ये ज्याच्याभोवती सगळा खेळ फिरत होता, तो इथे चौथा किंवा पाचवा पर्याय असतो. ती भूमिका त्याने कधी निभावली आहे का, हे शोध. जुने मोसम, वयोगटातल्या स्पर्धा, एखादा मोठा खेळाडू संघात असतानाचे सामने, कुठे ना कुठे सापडतं.

बचावाबद्दल तू फक्त ‘बरा’ लिहिलंस. या शब्दाचा कुणालाच उपयोग नाही. तो संघ पिक अँड रोलला काय करतो? सेंटर मागे थांबत असेल तर गार्डला स्क्रीनला वळसा घालून मागून पाठलाग करता आला पाहिजे. संघ सरळ स्विच करत असेल, म्हणजे बचावपटू आपापसांत माणसं बदलत असतील, तर आपल्याहून जाड, उंच माणसासमोर पाय रोवून उभं राहता आलं पाहिजे. या दोन वेगळ्या कला आहेत. एकाच पोराचा बचाव एका संघात चांगला आणि दुसऱ्यात वाईट ठरतो तो यामुळे.

शॉटचं भाकीत करताना थ्री-पॉइंटरच्या टक्केवारीवर फार विसंबू नकोस. कॉलेजची रेषा बास्केटच्या जवळ, एनबीएची लांब, आणि शॉटची संख्याही तोकडी. फ्री थ्रो जास्त खरं बोलतात. कवाय लेनर्ड 2011 मध्ये पंधराव्या क्रमांकावर गेला. सॅन दिएगो स्टेटमधल्या दोन वर्षांत त्याचे थ्री-पॉइंटर चारांत एक बसायचे, फ्री थ्रो मात्र चारांत साधारण तीन. इंडियानाने त्याला निवडलं आणि त्याच रात्री जॉर्ज हिलच्या बदल्यात सॅन अँटोनिओला दिलं. तिथे चिप एंगेलँड हे शॉट शिकवणारे प्रशिक्षक होते. पहिल्याच मोसमात त्याचे जवळपास 38 टक्के बसले, आणि 2014 मध्ये तो अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा संघाकडे कुठली जागा रिकामी आहे हे विचारण्याआधी विचार, की या पोराची जी खोट आहे ती दुरुस्त करणारा माणूस इथे आहे का? आणि तो राहणार आहे का? एंगेलँडसुद्धा 2022 मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेले.

डेन्व्हरचं फक्त नोंदवून ठेवतो. 2014 च्या एकाच ड्राफ्टमधून त्यांच्याकडे युसूफ नुर्किच आणि निकोला योकिच असे दोन सेंटर आले, दुसरा तर थेट 41 व्या क्रमांकावर. दोघांना एकत्र खेळवून पाहिलं, जमेना, आणि फेब्रुवारी 2017 मध्ये नुर्किच पोर्टलँडला गेला. दोघं एकमेकांशी जुळत नव्हते म्हणून योकिचची निवड चुकली, असं आज कुणी म्हणेल का?

आता अहवालाचं. शेवटचा परिच्छेद काढून टाक आणि त्याजागी अटी लिही. शेजारी कसा सेंटर असला तर हा चालेल, कुठल्या बचावपद्धतीत उघडा पडेल, पहिल्या वर्षी त्याला कुठलं एक काम द्यावं, आणि दुसऱ्या मोसमाआधी काय दिसलं नाही तर तुझं मत बदलेल. शेवटची अट ठसठशीत लिही. व्यवस्थापक तीच आधी वाचतो आणि उद्या तुला तिच्यावरूनच जाब विचारतो. विचारू दे. तुझी नजर चांगली आहे. कोपऱ्यातल्या शॉटआधी तो डावा पाय उशिरा आणतो, हे तू टिपलंस तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

सुधारलेला मसुदा पाठव, आणि सोबत त्याच्या हातात चेंडू नसतानाच्या क्लिप्स, त्याचा संघ हरत असतानाच्या सामन्यांतल्या.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
सर